अस्वलाच्या चेहऱ्यातले चार मिलिमीटर

टेडी बेअरचे डोळे फक्त चार मिलिमीटर खाली घ्या, आणि समोर बसलेलं पोक्त, हिशेबी अस्वल बघता बघता दोन वर्षांचं पोर होतं! कापड तेच, कापूस तोच, कान तेच, नाकही तेच. काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या उपसायच्या आणि जराशा खाली, जराशा लांब लांब टोचायच्या, बस्स. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी करून पाहिलं आणि तेव्हापासून घरी येईल त्याच्या हातात, पाण्याचा तांब्या द्यायच्याही आधी, मी ते कापडी डोकं ठेवते आहे. "हे बघा. आणि आता हे बघा!"

शिवणकाम मला नवीन नाही. भालकीसारख्या गावात ज्या बाईच्या घरी मशीन असतं तिच्याकडं झबली, परकर, ब्लाउज, पिशव्या, उशांचे अभ्रे सगळं येतं. गोधडी तर आमच्याकडं घरोघरी शिवतात. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, तिकडं कलबुर्गीच्या बाजूला आळंद, कुठल्याही गल्लीत दुपारी जा, ओट्यावर जुनी लुगडी पसरून कुणीतरी धावदोरा घालत बसलेलंच असतं. बोलणं मराठीत सुरू होतं, कन्नडमध्ये शिरतं, पुन्हा मराठीत येतं, सुई मात्र थांबत नाही. आणि टेडी? टेडी म्हणजे कलबुर्गीत शरणबसवेश्वराच्या जत्रेत दुकानावर पारदर्शक पिशवीत टांगलेलं गुलाबी काहीतरी. ते कुणीतरी विचार करून बेतलेलं असतं, त्याच्या कपाळाची रुंदी कुणीतरी मोजलेली असते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मग घरातल्या पोरीचं फाटलेलं टेडी दुरुस्तीला माझ्याकडं आलं. हात जोडण्याआधी आत काय आहे म्हणून शिवण उसवली, एकेक तुकडा सुटा करून टेबलावर सपाट मांडला, आणि मी तिथंच खिळले. डोकं तीन तुकड्यांचं होतं! दोन बाजूंना दोन गाल, आणि मध्ये एक लांब पट्टी, नाकाच्या शेंड्यापासून निघालेली, कपाळावर रुंद झालेली आणि मानेकडं पुन्हा निमुळती होत गेलेली. या एका पट्टीत अस्वलाचा सगळा स्वभाव असतो. डोळ्यांपाशी ती अर्धा सेंटिमीटर रुंद केली की कपाळ भरतं, दोन डोळ्यांत अंतर पडतं, चेहरा भोळा होतो. नाकापाशी अरुंद केली की मुस्कट टोकदार होतं, चेहऱ्यावर चलाखी येते. गालाच्या तुकड्यावर नाकाची रेघ जरा वर उचलली की अस्वल हसायच्या बेतात दिसतं. सपाट कापडाच्या एका वळणातून गोल, जिवंत, आपल्याकडं बघणारं तोंड उभं राहतं. ब्लाउजच्या टक्सही हेच करतात, सपाट कापडाला गोलाई देतात. पण ब्लाउजला आत माणूस असतो. इथं आत कुणीच नाही, आणि तरी कुणीतरी आहे!

त्यानंतर हाताशी येईल ते वाचलं, पाहिलं, करून बघितलं. त्यात कळलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे लव. फरच्या कापडाची लव एका दिशेनं झोपलेली असते. प्रत्येक तुकड्यावर बाण काढायचा आणि लव त्या बाणाच्या दिशेनंच राहील असा तुकडा ठेवायचा. पोटावर वरून खाली, पायावर वरून खाली, मुस्कटावर नाकाकडून कपाळाकडं. कापायचं कापडाच्या उलट्या बाजूनं, बारीक टोकाच्या कात्रीनं, फक्त विणीपुरतं. कात्रीचं टोक केसांच्या मुळाशी सरकवत न्यायचं म्हणजे केस कापले जात नाहीत. प्रत्येक गालाला, हाताला, पायाला डावा-उजवा जोड असतो, म्हणून साचा एकदा सुलटा आणि एकदा उलटा आखायचा. शिवताना कडेचे केस आत ढकलून टाचायचे, मार्जिन सहा मिलिमीटर, टाका उलट्या टिपेचा, कारण आत ठासून भरायचं असतं आणि धावदोरा तेवढा ताण घेत नाही. आणि शेवटी शिवणीत अडकलेले केस दाभणाच्या टोकानं एकेक करून बाहेर ओढायचे. हे जादूसारखं आहे हो! शिवण दिसेनाशीच होते. जिथं दोन तुकडे होते तिथं एक कातडी होते.

साच्यांसाठी मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. जाड, गुळगुळीत, कडेला न दुमडणाऱ्या. प्रत्येक साच्यावर तुकड्याचं नाव, बाण, आणि मागच्या साच्यापेक्षा काय बदललं ते लिहायचं: "कपाळ थोडं रुंद", "हनुवटी वर". एका वेळी एकच बदल, हा या कामातला सगळ्यात मोलाचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चेहरा कशानं खुलला ते कळत नाही. अख्खं अस्वल शिवायचीही गरज नसते. नुसतं डोकं शिवायचं, भरायचं, टाचण्यांचे डोळे लावायचे, आरशासमोर धरायचं. आरशात कललेला कान, वर-खाली झालेला डोळा लगेच उघडा पडतो, कारण सरळ बघून बघून आपली नजर त्या चेहऱ्याला सरावलेली असते आणि आरशातला चेहरा तिला नवा असतो.

मधली पट्टी कापत असताना शेजारच्या मावशी येऊन टेकल्या. आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या बाई. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, तिरपी कामून कापलीस? ताणंल की ती. उभ्या धाग्यात धर." मी धरली. आणि खरंच! तिरप्या कापडाची पट्टी कापूस ठासल्यावर लांबत जाते, नाक पुढं येतं, कपाळ वाकडं होतं. उभ्या धाग्यातली पट्टी आखली तेवढीच राहते. परदेशी पुस्तकांत जे आकृत्या काढून समजावलेलं असतं ते मावशींच्या बोटांत होतं. "मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं वो?" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "कापडानंच की."

हे अस्वल आलं कुठून, तेही तेवढंच रोमांचक आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्या प्रसंगावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आलं, आणि ब्रुकलिनमध्ये दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या जोडप्यानं कापडी अस्वल शिवून रूझवेल्ट यांच्या लाडक्या नावानं, 'टेडी'च्या नावानं, विकायला ठेवलं. पण माझं मन अडकलं ते त्याच सुमाराला जर्मनीतल्या गिंगेन गावात चाललेल्या कामात. तिथं मार्गारेट श्टाइफ होत्या. जन्म १८४७ चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हात दुखरा राहिला. त्या शिवण शिकल्या, मशीन उलट्या बाजूनं फिरवून डाव्या हातानं चाक चालवू लागल्या! १८८० च्या सुमाराला त्यांनी टाचण्या टोचायला म्हणून फेल्टचा छोटा हत्ती शिवला, आणि लहान मुलांनी तो खेळायलाच घेतला. तिथून सगळं सुरू झालं.

त्यांचा पुतण्या रिखार्ड श्टाइफ प्राणिसंग्रहालयात अस्वलांची रेखाटनं करत बसायचा. १९०२ मध्ये त्यानं हात-पाय-मान हलणारं, मोहेरच्या लवीचं अस्वल बेतलं. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची चमकदार लोकर. नमुन्याचं नाव '५५ पीबी': उंची ५५ सेंटिमीटर, 'पी' म्हणजे प्लश, 'बी' म्हणजे हलणारं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत ते मांडलं आणि एका अमेरिकी खरेदीदारानं ३,००० नग मागवले. गोष्ट इथं संपली असती तर मला एवढा उमाळा आला नसता. श्टाइफ मंडळी तिथं थांबलीच नाहीत! पहिल्या अस्वलाचे सांधे दोऱ्याचे होते, ते सैल पडत. मग दोरा जाड केला. मग धातूची सळई घालून पाहिली. आणि १९०५ मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्यांचा सांधा बसवला. अस्वल लहान, हलकं, मऊ होत गेलं. १९०७ या एका वर्षात त्यांनी ९ लाख ७४ हजार अस्वलं केली. जगभर पोचलेलं खेळणं एका झटक्यात सुचलेलं नाही, ते एकेका सांध्यानं सुधारत गेलेलं आहे. लग्नपत्रिकेवर "हनुवटी वर" असं लिहिताना मी त्याच रांगेत बसलेली असते, आणि या जाणिवेनं अंगावर काटा येतो.

तो चकत्यांचा सांधा तर हातानं करून बघावाच असा आहे. हार्डबोर्डच्या दोन गोल चकत्या, मध्ये भोक. एक चकती हाताच्या आत, स्प्लिट पिन तिच्यातून बाहेर, हाताचं कापड पार, मग धडाचं कापड पार, धडाच्या आत दुसरी चकती, वर वायसर. आता पक्कडीनं पिनचा एक पाय धरायचा, ओढत ओढत बाहेरच्या बाजूला वळवून वायसरवर घट्ट बसवायचा. मग दुसरा पाय उलट दिशेनं तसाच. सांधा इतका आवळायचा की रिकामा हात फिरवताना जोर लागला पाहिजे, कारण कापूस भरल्यावर तो थोडा मोकळा होतो. पहिल्यांदा हात वर केला आणि तो वरच राहिला, आपला आपण! अस्वलानं हात वर केला होता आणि ते वाट बघत होतं.

भरण्याचीही एक कला आहे, आणि तिची सुरुवात नाकापासून होते. बोटाच्या पेराएवढे कापसाचे पुंजके घ्यायचे आणि लाकडी काडीच्या बोथट टोकानं नाकाच्या शेंड्यात ठासायचे, दगडासारखं टणक होईपर्यंत, कारण पुढं त्याच्यावर भरीव टाक्यांचं नाक भरायचं असतं आणि मऊ नाकावर टाके एका ओळीत बसत नाहीत. गाल मध्यम, पोट मऊ, तळपाय पुन्हा टणक. मग डोळे. मजबूत दुहेरी दोरा डोळ्याच्या दांडीत ओवायचा, दाभणानं डोक्यातून आरपार मानेच्या मागं काढायचा, आणि अंगठ्यानं डोळ्याची जागा दाबून धरून दोरा ओढायचा. त्या ओढीसरशी कापडात खोबण पडते, भुवईचा उंचवटा आपोआप तयार होतो, डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा न राहता चेहऱ्याच्या आत जातो. दोरा किती ओढायचा यावर अस्वल झोपाळू होणार की जागं, ते ठरतं. कानही आधी टाचण्यांनीच लावायचे आणि खोलगट, जरा पुढं वळवून. कान डोक्याच्या बाजूला उतरले की अस्वल लहान होतं, माथ्यावर चढले की सावध होतं.

आता ते चार मिलिमीटर. त्यांच्यामागं विज्ञान आहे! ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनतज्ज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, छोटं नाक, भरलेले गाल दिसले की माणसाला आपोआप माया येते, कारण बाळांचं रूप तसंच असतं. पुढं १९८५ मध्ये रॉबर्ट हाइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यानं केंब्रिजमधल्या प्रदर्शनातली जुनी-नवी टेडी मोजली. काळ पुढं जाईल तसं कपाळ वाढत गेलेलं आणि नाक आखूड होत गेलेलं! सुरुवातीचं टेडी खऱ्या अस्वलासारखं होतं, लांब मुस्कटाचं, लांब हातांचं, पाठीवर मदार असलेलं. वर्षागणिक ते बाळ होत गेलं. आणि १९९५ च्या एका अभ्यासात मुलांनाच विचारलं, तर सहा-आठ वर्षांच्या मुलांनी बाळासारखं अस्वल पसंत केलं, पण चार वर्षांच्या मुलांना तशी काही ओढ नव्हती. म्हणजे टेडीला बाळ करण्यात चिमुकल्यांचा हात नाही. हा बदल मोठ्यांच्या निवडीनं घडला असावा.

हे वाचलं आणि डोक्यात वीज चमकली. चिमुकल्यांना आखूड नाकाचा हट्ट नसेल, तर आपलं अस्वल का नको? आपलं, म्हणजे दख्खनचं. लांब फिकट मुस्कट, विस्कटलेले काळे केस, वाकडी लांब नखं आणि छातीवर इंग्रजी व्ही किंवा वायसारखा पांढुरका पट्टा. कर्नाटकात हंपीजवळ दरोजीला १९९४ मध्ये खास या अस्वलांसाठी अभयारण्य झालं. एका पिढीमागं हेच अस्वल वेसण घालून गावोगाव नाचवलं जायचं. तो खेळ कायद्यानं बंद झाला आणि २००९ मध्ये देशातल्या शेवटच्या नाचवल्या जाणाऱ्या अस्वलाची सुटका झाली. आजच्या पोरांनी ते ना रस्त्यात पाहिलं, ना खेळण्यात. आणि एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती: या जातीची आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते! अस्वलांमध्ये ही सवय याच जातीची. खेळण्यासाठी याहून सुंदर कल्पना कुणी बेतू शकेल का? आईच्या पाठीवर धरून बसणारं पिल्लू, काढता येणारं, पुन्हा बसवता येणारं.

आणि कापड? कापड तर आपल्या खांद्यावरच आहे! खानापूरच्या मैलार मल्लण्णाला जा, धनगरांच्या खांद्यावर काळी घोंगडी दिसतील. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि कितीतरी वेळा मुळातच काळी असते, रंग द्यावा लागत नाही. जुन्या घोंगडीचा तुकडा धुऊन, सुकवून, तारेच्या ब्रशनं एकाच दिशेनं घासला की विणीतून लव वर येते. तिच्यावर मानेभोवती न कातलेल्या लोकरीचे झुपके टाचले की थेट त्या अस्वलाची आयाळ! मुस्कटाला मांजरपाट, छातीच्या पट्ट्याला पांढरं फेल्ट. तो पट्टा लावला आणि मी थबकले: काळ्याभोर अंगावर उमटलेली ती पांढरी कोर अगदी बिदरी सुरईवरच्या चांदीच्या तारेसारखी दिसत होती. बिदरी कारागीरही पृष्ठभाग आधी मोरचुदानं तात्पुरता काळा करतो, म्हणजे त्यावर हातानं काढलेली रेघ स्पष्ट दिसावी. मग रेघ कोरून तार ठोकतो, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून जस्त कायमचं काळं करतो. शाह रशीद अहमद कादरी यांना याच कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मुलखाला काळ्यावर पांढरं कसं खुलतं हे पाचशे वर्षांपासून ठाऊक आहे, त्या मुलखानं हे अस्वल शिवायला हवंच!

सुरुवात करणाऱ्यांसाठी सोलापुरी टॉवेल हे सोन्यासारखं कापड आहे. उभे फास असल्यामुळं त्याच्या लवीला फरसारखी दिशा नसते, डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही, किंमत आवाक्यात असते आणि अस्वल धुताही येतं. फक्त कापल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून आधी कडेनं मशीनची नागमोडी टीप मारून घ्यायची. तीन वर्षांखालच्या बाळासाठी शिवत असाल तर काचेचे डोळे, बटणं आणि पिनांचे सांधे अजिबात नकोत. डोळे काळ्या दोऱ्यानं भरायचे आणि हात-पाय धडाला शिवूनच टाकायचे. विकायचा विचार असेल तर हेही माहीत असावं की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे, पण केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे आधी कारागीर म्हणून नोंद करून घ्यायची. चन्नपट्टणची लाखेची आणि किन्हाळची लाकडी खेळणी आपल्याच राज्यातली. त्यांच्या शेजारी भालकी-औरादचं कापडी अस्वल का बसू नये?

मला तर आता जिकडंतिकडं तेच दिसतं. ओट्यावर गोधडी घालणाऱ्या बायकांच्या हातांत उलटी टीप आहे, कापडाच्या उभ्या-आडव्याची जाण आहे, जुन्यातून नवं करायची सवय आहे. कमी आहे ती फक्त साचा कागदावर आखून, एका वेळी एक बदल करून, तो लिहून ठेवण्याची रीत. ती शिकायला एक दुपार पुरते. मावशींनी तर घोंगडीचा तुकडा हातात घेऊन सांगूनच टाकलंय, "पिल्लू मी शिवते, तू आई कर." तुमच्या घरात एखादी जुनी लग्नपत्रिका असेलच. ती काढा, नाकापासून मानेपर्यंतची एक पट्टी आखा, कपाळापाशी थोडी रुंद ठेवा, टॉवेलच्या तुकड्यातून नुसतं डोकं शिवून घट्ट भरा. मग दोन काळ्या टाचण्या घ्या आणि त्या वर-खाली सरकवत राहा. कुठल्या तरी एका जागी ते डोकं तुमच्याकडं बघेल, आणि बघितलं की तिथंच खूण करा!